खिडकीचा उजेड, ताटाचा खरा रंग

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत एक ताई राहतात. नवऱ्याचे काम सुटलेले, मुलगी बारावीला, आणि हातात विद्या म्हणाल तर लंबी रोटी करण्याची. लोकवन गव्हाची कणीक पातळ भिजवायची, आपटून आपटून तिला तार आणायची आणि दोन्ही हातांवर लांबवत नेऊन चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. हे काम येरागबाळ्याचे नव्हे. रविवारी रोटी आणि मटणाचा रस्सा ऑर्डरप्रमाणे करून द्यावा, असे त्यांनी ठरविले. मुलीने मोबाइलवर वस्तीचा एक ग्रुप केला. त्यावर टाकण्यासाठी फोटो हवा म्हणून शनिवारी रात्री आठ वाजता आम्हाला बोलावणे आले.

आम्ही कारकुनी करणारे माणूस. तरी कार्यक्रमांचे फोटो काढण्याची सवय असल्याने मोठ्या ऐटीत गेलो. डोक्यावर पिवळा दिवा होता. आम्ही फोनचा फ्लॅश चालू केला आणि चार-पाच फोटो काढले. रोटी जळकी दिसत होती, रस्सा डांबरासारखा, आणि स्टीलच्या ताटात आमच्याच डोक्याची सावली पडलेली. ताई फोटोकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, माही रोटी खाल्ल्यावर कोणी नाव ठेवत नाही. पण हे पाहून तर मलेच खावीशी वाटत नाही."

त्या रविवारी तीन ऑर्डरी आल्या आणि त्या तिन्ही शेजारच्याच होत्या. म्हणजे ज्यांनी त्यांच्या हातची रोटी आधीच खाल्लेली होती, त्यांच्याच.

ही गोष्ट आमच्या मनाला लागली. आज घरगुती डबा, चटणी, मसाला, पापड विकणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना दुकान नाही आणि पाटीही नाही. मोबाइलवरचा फोटो हीच त्यांची पाटी, आणि ती काळवंडलेली असेल तर गिऱ्हाईक पुढच्या दारी जाते. म्हणून आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला, चुका केल्या, पुन्हा करून पाहिले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. महागडा कॅमेरा यात कुठेच लागत नाही.

आधी घरातला दिवा बंद करा

आमची पहिली चूक ही, की आम्ही दिव्यावर भरवसा ठेवला. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो, आणि तो केल्विन नावाच्या मापाने सांगतात. घरातील पिवळसर दिवा साधारण २७०० केल्विनचा, दुपारचा सूर्यप्रकाश ५५०० च्या आसपास, आणि ज्याला दुकानदार 'कूल डेलाइट' म्हणतो ती पांढरी ट्यूब ६५०० ची. आकडा कमी तेवढा उजेड पिवळा, आणि आकडा जास्त तेवढा तो निळसर. आपला डोळा हा फरक आपोआप सांभाळून घेतो. त्यामुळे दिव्याखालचा भातही आपल्याला पांढराच वाटतो. कॅमेराही सांभाळण्याचा प्रयत्न करतो, पण खिडकीतून एक उजेड आणि डोक्यावरून दुसरा असे दोन रंग एकाच ताटावर पडले की त्याचा हिशेब चुकतो. मग भाताची एक बाजू निळी आणि दुसरी हळदीची दिसते. असा फोटो नंतर दुरुस्त करणेही कठीण, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

म्हणून पहिला नियम असा: दिवसा फोटो काढा, आणि काढताना घरातील दिवे बंद ठेवा.

हा काही आम्ही लावलेला शोध नव्हे. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळात इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध केले. त्यात टोपल्यांत मांडलेल्या फळांचे एक छायाचित्र आहे. एडिसनने आपला विजेचा दिवा लोकांना दाखविला तो १८७९ मध्ये. म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे फोटो एडिसनच्या दिव्याहून जुने आहेत. सूर्याच्या उजेडावर त्या काळी भागत होते, तर आपलेही भागेल.

फ्लॅशचे म्हणाल तर तो कायमचा बंद ठेवावा. फ्लॅशचा उजेड समोरून, फोनच्या बाजूनेच येतो. समोरून उजेड आला की सावली पदार्थाच्या मागे लपते, आणि सावली लपली की उंचसखलपणा दिसत नाही. भाकरीचा पापुद्रा, चटणीचा भरडपणा, भाताचे मोकळे शीत, हे सारे आपल्याला सावलीमुळेच कळते. शिवाय तेलावर आणि स्टीलवर फ्लॅशचा पांढरा ठिपका पडतो तो वेगळाच.

एक खिडकी, एक पांढरा कागद

ताट खिडकीच्या शेजारी, दोन-तीन फुटांवर ठेवावे. उजेड ताटाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने यावा, किंवा बाजूने आणि थोडा मागून यावा. तो आपल्या पाठीमागून येऊ देऊ नये, नाहीतर आपलीच सावली ताटावर पडते. आमचे पहिल्या रात्री तेच झाले होते.

थेट ऊन मात्र नको. उन्हात सावल्या काळ्या आणि कडक पडतात, भात पांढराफटक होतो आणि त्याचे शीत दिसत नाहीत. सूर्य मोठा असला तरी आपल्यापासून दूर असल्याने तो आकाशात लहानसा ठिपकाच असतो, आणि लहान उजेडाची सावली नेहमी कडक असते. तोच उजेड मोठ्या पृष्ठभागावरून आला की मऊ होतो. म्हणून खिडकीत ऊन येत असेल तर तिथे पांढरी ओढणी, धोतराचा धुवट तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर लावावा. पावसाळ्यातील ढगाळ दिवस यासाठी उत्तम, कारण सारे आकाशच पडद्याचे काम करते. कापड रंगीत घेऊ नये. हिरव्या पडद्यातून आलेला उजेड मटणालाही हिरवे करतो.

आता खिडकीच्या विरुद्ध बाजूला ताटाची सावली उरते. ती फार गडद वाटली तर तिथे पांढरा कार्डशीट उभा करावा. तो खिडकीचा उजेड परत ताटावर फेकतो आणि सावली हलकी होते. कार्डशीट जवळ नेला की सावली फिकी होते, आणि दूर नेला की गडद. डोळ्यांनी पाहत पाहत तो पुढे-मागे करावा. शाळेच्या वहीचे पांढरे पान पुठ्ठ्यावर चिकटवले तरी हेच काम होते.

काही वाचक म्हणतील, आमच्या खोलीला खिडकीच नाही. बरोबर आहे. ताईंच्या घरालाही एकच लहान झरोका आहे. आम्ही दाराचा उपयोग केला. उंबऱ्याच्या आत दोन फुटांवर पाट ठेवला, दार पूर्ण उघडे ठेवले आणि दाराला काटकोनात बसून फोटो घेतला. पत्र्याच्या घरातही दार हीच सर्वांत मोठी खिडकी असते. चाळीत राहणाऱ्यांना गॅलरी आहे. वर छप्पर आणि समोर मोकळे आकाश अशी जागा मिळाली की झाले.

रात्रीच फोटो काढावा लागला तर घरातील बाकीचे दिवे बंद करून एकच पांढरा एलईडी दिवा ताटाच्या बाजूला ठेवावा आणि मधे पांढरे कापड धरावे. कापड दिव्याला टेकू देऊ नये, आणि चुलीजवळ तर मुळीच नको. फोटोपायी घरात आग लागायला नको.

ताट कसे, फोन कसा

फोटो काढण्यापूर्वी फोनची काच मऊ सुती कापडाने पुसावी. स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचे बोट लागलेले असतेच, आणि त्यामुळे सारा फोटो धुरकट येतो. ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे आणि सर्वांत जास्त विसरली जाणारीही.

पदार्थ पाहून कोन ठरवावा. संपूर्ण थाळी, पापड, वाळवण अशा सपाट वस्तू सरळ वरून चांगल्या दिसतात. वाटीतला रस्सा, भाजी किंवा भात, आपण जेवायला बसल्यावर जसा पाहतो तसा तिरक्या कोनातून घ्यावा. घड्या घातलेल्या रोट्यांची चवड, बरणी, लाडू यांना उंची असते, म्हणून ती जवळजवळ समोरून घ्यावीत. फोन फार जवळ नेला की वाटी वाकडी दिसते. त्यापेक्षा दीड-दोन फुटांवर राहून थोडे मोठे करून घ्यावे.

उजेड कमी असला की कॅमेरा उजेड गोळा करण्यास जास्त वेळ घेतो. तेवढ्यात हात हलला की फोटो अस्पष्ट येतो. म्हणून दोन डब्यांचा किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्याचा टेकू द्यावा आणि फोनमधला दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा.

ताटाखाली काय घालावे? काळी कडप्पा, लाकडी पाट, धुतलेले गोणपाट, एकरंगी जुनी साडी, यांपैकी काहीही चालेल. फुलाफुलांचे प्लास्टिक नको, नजर तिकडेच जाते. वर्तमानपत्रही नको. एक तर अक्षरे लक्ष ओढतात, आणि दुसरे असे की छापील शाईशी अन्नाचा संबंध येऊ नये, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही बजावलेले आहे.

स्टीलचे ताट आपल्या घरोघरी आहे, पण ते आरशासारखे वागते. समोर जे असेल ते दाखवते, मग तो लाल शर्ट असो की छताचा पंखा. यावर उपाय असा की, ताटाला जे दिसते तिथेच पांढरा कार्डशीट धरावा, म्हणजे ताट स्वच्छ पांढरे चमकते. फोटो काढताना आपण स्वतः पांढरा किंवा साधा सदरा घालावा. लोखंडी तवा, मातीचे भांडे, पळसाची पत्रावळ यांना ही अडचण येत नाही.

काळ्या रश्श्याची अडचण

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. मासिकांत आणि मोबाइलवर खाण्याचे जे फोटो आपण पाहतो, ते बहुतेक केक, पनीर, पुलाव, फळे यांचे असतात. ते पदार्थ मुळातच उजळ. आपल्या घरचे जेवण गडद रंगाचे आहे: काळ्या मसाल्याचा रस्सा, जवसाची चटणी, सुकट, पाटवडीचे कालवण, ज्वारीची भाकरी. या जेवणाला शतकानुशतके पाककृतींच्या पुस्तकांत जागा नव्हती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आणून मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, आणि २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. पुस्तकात जागा मिळायला इतका काळ लागला. फोटोत तरी आपले ताट काळवंडलेले का दिसावे?

याचे कारण आपल्या जेवणात नाही, ते कॅमेऱ्याच्या हिशेबात आहे. कॅमेरा चौकटीत दिसणाऱ्या उजेडाची सरासरी धरतो आणि ती मध्यम राखाडी असावी असे गृहीत धरून चालतो. नवे फोन हुशार झाले आहेत, तरी मूळ खोड तीच. पांढऱ्या ताटात काळा रस्सा ठेवला की चौकटीत पांढरेच जास्त. मग कॅमेरा म्हणतो, उजेड फार झाला. तो सारा फोटो गडद करतो आणि रस्सा डांबर होतो. याच्या उलट, काळ्या कडप्प्यावर काळा रस्सा ठेवला की तो सारे उजळ करतो आणि रस्सा फिका, मातकट दिसतो.

यावर उपाय आपल्या बोटात आहे. पडद्यावर रश्श्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे फोन त्या जागेचा हिशेब धरतो. बहुतेक फोनमध्ये तिथे सूर्याचे लहान चिन्ह येते. ते बोटाने वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करावा. रश्श्याचा तांबूस-तपकिरी रंग डोळ्यांना दिसतो तसा पडद्यावर आला की थांबावे.

दुसरे असे की, गडद पदार्थाला उजेड मागून-बाजूने द्यावा. मग तर्रीवर उजेडाची एक रेघ येते आणि रस्सा जिवंत दिसतो. मागे गडद भिंत असेल तर वाफही दिसते. वाटी काठोकाठ भरू नये. मटणाचा एखादा तुकडा वर दिसू द्यावा, आणि बाजूला कांद्याची फोड किंवा लिंबू ठेवावे, म्हणजे गडद रंगाशेजारी उजळ रंग येतो. चटणी असेल तर चमच्याने थोडी विस्कटावी. तिचा भरडपणा दिसला पाहिजे.

रोटीचे तर आम्हाला नवलच वाटले. त्या रविवारी सकाळी दहा वाजता ताईंनी एक रोटी दोन्ही हातांनी दारात धरली. बाहेरचे ढगाळ आकाश तिच्या मागे आले, आणि रोटीतून उजेड आरपार दिसू लागला. ती किती पातळ आहे हे सांगायला मग शब्द लागले नाहीत.

दुरुस्ती कुठवर करावी

फोटो काढल्यावर थोडी दुरुस्ती करण्यात काही गैर नाही. फोनच्या गॅलरीतच ही सोय असते. स्नॅपसीडसारखे फुकट ॲपही मिळते. पण क्रम पाळावा. आधी चौकट कापून नको ते बाहेर काढावे. मग पांढरा रंग नीट करावा, म्हणजे भात, मीठ किंवा कार्डशीट पांढरा दिसेपर्यंत 'टेंपरेचर' किंवा 'वॉर्म्थ' सरकवावे. मग उजेड. मग 'शॅडो' किंचित वाढवून गडद भागातले दाणे वर आणावेत. शेवटी 'सॅच्युरेशन' म्हणजे रंगाचा भडकपणा, आणि त्याला हात लावलाच तर अगदी थोडा. मूळ फोटो पुसून टाकू नये, दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करावी. आम्ही हिशेबाचे माणूस असल्याने सांगतो, मूळ पावती नेहमी जपून ठेवावी.

दुरुस्ती करताना ताट समोर असू द्या. फोटो आणि ताट शेजारी धरून पाहा. दोन्ही सारखे दिसले की काम संपले. आमच्या मते संपादनाची हीच मर्यादा होय.

ही मर्यादा आम्ही ठेच लागून शिकलो. ताईंच्या भाच्याला वाटले, रस्सा आणखी लाल हवा. त्याने रंगाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. फोटो ग्रुपवर गेला आणि ऑर्डरी भराभर आल्या. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला: "ताई, फोटोत लालभडक होता, डब्यात तर काळाच निघाला." चवीला कोणी नाव ठेवले नव्हते, पण त्या माणसाने पुन्हा मागवले नाही. ताई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मी कोणाले फसवलं काय?" त्यांनी फसवले नव्हते. पण फोटोने फसवले होते, आणि फोटो त्यांच्या नावाने गेला होता.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा मिळालेला आहे. अमेरिकेत कॅम्पबेल या सूप विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. भाजीचे तुकडे वर राहून सूप दाट दिसावे, हा त्यामागचा हेतू. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण हाती घेतले आणि १९७० मध्ये कंपनीला ही पद्धत सोडण्याचे मान्य करावे लागले. आपल्या देशातही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे. पण कायद्याची भीती ही नंतरची गोष्ट. वस्तीतला धंदा ओळखीवर आणि विश्वासावर चालतो, आणि तो विश्वास एका लाल पट्टीपायी जाऊ शकतो.

म्हणून दुसऱ्याचा फोटो उचलून आपला म्हणून टाकू नये. जेवढी वाटी देणार तेवढीच फोटोत दाखवावी. चार तुकडे देणार असाल तर सहा दाखवू नयेत. फोटोखाली भाव, नग आणि ऑर्डर घेण्याची वेळ लिहावी. व्हॉट्सॲपवर पाठविताना एचडी निवडावे, नाहीतर फोटोचा आकार कमी होऊन बारकावे जातात.

जमाखर्च

आता हिशेब सांगतो. खर्चाच्या बाजूला एक पांढरा कार्डशीट. ओढणी घरची, पाट घरचा, दार घरचे, उजेड फुकटचा. मेहनत अर्ध्या तासाची. जमेच्या बाजूला काय आले ते फुगवून सांगणार नाही. लाल फोटो काढून टाकून दारातल्या उजेडाचा खरा फोटो टाकल्यावर पुढच्या रविवारी ऑर्डरी कमी झाल्या, पाचच आल्या. त्यानंतर सात, मग नऊ. त्यातल्या चार वस्तीबाहेरच्या होत्या, ज्यांनी ताईंच्या हातची रोटी पूर्वी कधी खाल्ली नव्हती. सगळे श्रेय फोटोचे नव्हे, रोटीचेच. पण रोटी खरी आहे हे त्या चौघांना फोटोनेच सांगितले.

भगिनींनो, आपल्या हातच्या चवीला कमी लेखू नका, आणि तिला अंधारातही ठेवू नका. उद्या डबा भरण्याआधी पाच मिनिटे काढा. दिवा बंद करा, ताट दाराजवळ न्या, फोनची काच पुसा. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांना हे काम शिकवा. मोबाइल त्यांच्या हातात असतोच, तो आईच्या उपयोगी पडू द्या.

ताईंच्या मुलीने आता हे काम आपल्याकडे घेतले आहे. दर रविवारी सकाळी ती नवा फोटो काढते, कारण दर रविवारचा रस्सा थोडा वेगळा असतो. परवा आम्ही गेलो तेव्हा ती कार्डशीट धरून उभी होती आणि आम्हालाच म्हणाली, "मामा, जरा बाजूला व्हा, उजेड अडतो आहे."

आम्ही बाजूला झालो.